मोहाच्या झाडाखाली तीन रात्री

पैज मी रागाच्या भरात लावली. शांत डोक्याने बोलले असते तर एक रात्र म्हणाले असते, तीन म्हणाले नसते. पण समोर भाऊ बसला होता, त्याच्या शेजारी काका मिशीतल्या मिशीत हसत होते, आणि त्या हसण्याने माझं टाळकं सटकलं.

वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं नऊ एकर वावर आहे. वारस तिघे: आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊ. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग हळूहळू हक्कसोडीचा कागद बाहेर आला. आमच्याकडे बहिणीने हा कागद वाचायचा नसतो, त्यावर सही करायची असते. सही केली की माहेर शाबूत राहतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घ्यायला माणूस येतो, साडी मिळते, झोक्यावर बसता येतं. नाही केली की तुम्ही बहीण राहत नाही, वाटेकरी होता.

मी जळगावला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझं पोट त्या तीन एकरांवर अवलंबून नाही. हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की त्याचा वीट आलाय. भावाचं गावात खताचं दुकान आहे, ते दणक्यात चालतं. त्याचंही पोट त्या तीन एकरांवर अवलंबून नाही, पण त्याला हे कुणी ऐकवत नाही. दहावीपर्यंत मी त्या वावरात कापूस वेचलाय. भाऊ तेव्हा बांधावर बसून बोरं खायचा. मला ते वावर हवं होतं कारण ते माझं होतं. याहून मोठं कारण शोधायची मला गरज वाटली नाही.

तर त्या दिवशी ओट्यावर बैठक बसली. आई आत चहा करत होती. भाऊ अगदी गोड आवाजात म्हणाला, "वावर मांगनं सोपं शे, अक्का. लाइट रातले येस. पानी कोन भरी? बिबट्या फिरी राह्यना. तू एक रात एकली वावरमा काढी दखाड, मंग बोल."

"बाईमानूसनं काम नही ते," काका म्हणाले, आणि हसले.

मी म्हणाले, एक कशाला, तीन काढते. एकदा जरी रात्री उठून घरी आले, तर जिथे म्हणाल तिथे सही करीन. काढल्या, तर नाल्याकाठचे तीन एकर मी करीन आणि हा कागद पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही. भाऊ लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला संशय आला. आई चहाचे कप घेऊन बाहेर आली, सगळ्यांपुढे ठेवले आणि पदराला हात पुसत आत गेली.

तंबू माझ्याकडे होता. कॉलेजच्या मुलांची निसर्ग शिबिरं मी वर्षानुवर्षं नेत आले आहे. पण चाळीस मुलं सोबत असताना जंगलात झोपणं म्हणजे काही झोपणं नव्हे, ते लग्नघरात झोपणं. एकटीने तंबूत राहायची माझी ही पहिलीच खेप. मी जळगावहून निघताना नवऱ्याने एवढंच विचारलं, की तीन एकरांसाठी जीव देणार आहेस का. मी म्हटलं, देणार नाहीये, रात्री काढणार आहे. तरी त्याने टॉर्चमध्ये नवे सेल घालून दिले.

पहिल्याच संध्याकाळी मी एक चूक केली, आणि ती जीवशास्त्राच्या बाईने करावी अशी नव्हती. मार्चचा महिना. नाल्याकाठी मका कंबरेच्या वर आलेला. बांधावर एकच मोठं झाड, मोहाचं. खाली छान सपाट जागा, सावली. मी तंबू तिथेच ठोकला. मार्चमध्ये मोह रात्री फुलं गाळतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण पंचवीस वर्षं फ्लॅटमध्ये राहिलं की माणसाला झाड म्हणजे नुसती सावली वाटायला लागतं.

अंधार पडला आणि थोड्या वेळाने तंबूवर टप असं वाजलं. मग पुन्हा टप. मग लागोपाठ दोनतीन. कुणीतरी खडे मारतंय, मला पक्कं वाटलं. भावाने दुकानातली पोरं पाठवली असणार. मी आतूनच खणखणीत आवाजात म्हणाले, "कोण आहे ते समोर या." कुणी आलं नाही. टप, टप चालूच. मी चेन उघडून टॉर्च मारला, तर तंबूच्या कापडावर पिवळट, रसाळ, टपोरी मोहाची फुलं पडलेली. मी त्या फुलांनाही दोन शिव्या घातल्या.

फुलं पडली म्हणजे खाणारे येणार. एवढं कळलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि तंबू दुसरीकडे हलवायची माझ्यात हिंमत नव्हती. आधी उदमांजर आलं, ते झाडावरच खुडबुडत राहिलं. मग काट्यांचा खळखळ आवाज करत साळिंदर. ते तंबूला घासून गेलं, कापड माझ्या पायाला लागलं आणि मी पाय असे पोटाशी घेतले की सकाळी मांड्या दुखत होत्या. मध्यरात्रीनंतर डुकरं आली. एक नाही, कळपच. त्यांचं ते हुंकारणं, चघळणं, एकमेकांना ढुशा देणं, हे सगळं माझ्या डोक्यापासून दोन हातांवर. रानडुक्कर घाबरलं तर माणूस फाडतं, हे मीच वर्गात सांगते. म्हणून खोकलेही नाही. नुसती पडून राहिले आणि मनातल्या मनात भावाला, काकाला, हक्कसोडीच्या कागदाला आणि तो कागद ज्याने पहिल्यांदा लिहिला त्याला शिव्या देत राहिले. एक सांगते, भीती वाटत असताना राग फार कामाला येतो. दोन्ही एकदम नीट करता येत नाहीत.

सकाळी फुलं वेचायला एक पावरा आदिवासी म्हातारी टोपली घेऊन आली. तंबू बघून ती आधी थबकली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मोहाखाली कुणी झोपतं का, असं काहीतरी ती म्हणाली. मीही हसले. त्या तीन दिवसांत मी तेवढंच हसले. तंबू उचलून मी पन्नास पावलं लांब, विहिरीच्या बाजूला नेला.

दिवसा घरी जायला बंदी नव्हती, पण मी गेले नाही. मला त्या ओट्यावर कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. संध्याकाळी आई डबा घेऊन आली. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. सत्तरीची आई दीड किलोमीटर चालत आली होती. मी जेवत होते तोवर ती तंबूभोवती फिरली, कापड चाचपून बघितलं, दोऱ्या ओढून बघितल्या.

"आजनी रात घर जप, माय," ती म्हणाली. आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. "कोनी काही नही म्हनाव."

"काका म्हणतील," मी म्हणाले. "आणि सही करावी लागेल."

तिने रिकामा डबा फडक्यात बांधला आणि गेली.

दुसऱ्या रात्री डुकरं लांब मोहाखालीच राहिली. मला बरं वाटलं, डोळा लागला. आणि मग डरकाळी आली. वाघाची, पूर्ण छातीतून काढलेली, इतक्या जवळून की जमीन हादरल्यासारखी वाटली. मी ताडकन उठून बसले. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते काय असतं, ते तेव्हा कळलं. पुन्हा डरकाळी. मी काही विचार केला नाही. एका हातात चपला, दुसऱ्यात टॉर्च, चेन उघडली, अर्धी बाहेर आले. रस्ता दोनशे पावलांवर होता. रस्त्याला लागले असते तर मी थेट घराचं दार वाजवलं असतं आणि सकाळी सही केली असती. हे मी आज लिहितेय, पण त्या क्षणी मला वावर नको होतं, काही नको होतं, फक्त दार हवं होतं.

तिसरी डरकाळी अर्ध्यात घोगरी झाली, लांबली आणि मग एक बाई इंग्रजी हेल काढून म्हणाली, "लो बॅटरी."

मी तिथेच उकिडवी बसले. बाई पुन्हा म्हणाली, "लो बॅटरी." मग सगळं गप्प.

विहिरीच्या कट्ट्यामागे, केळीच्या वाळक्या पानांखाली तो डबा सापडला. डुकरं पळवायचं मशीन. आजकाल गावोगाव असतं ते, एक भोंगा, एक कार्ड, त्यात वाघ, कुत्रे, फटाके आणि हिंदीत ओरडणारा माणूस. आमच्या सातपुड्यात बिबट्या असतो आणि बिबट्या अशी डरकाळी फोडत नाही, करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज काढतो. हेही मी वर्गात शिकवते. तीस वर्षं शिकवलेलं त्या दोन मिनिटांत पार वाहून गेलं, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. नाही, तेही खरं नाही. सगळ्यात जास्त संताप भावाचा आला. समोरासमोर हरवायची हिंमत नाही म्हणून चोरासारखं यायचं, बहिणीच्या उशाशी भोंगा लावायचा. लहानपणी माझ्या पाठीवर बसून नाला ओलांडणारा तो पोरगा. त्या रात्री मी जे काही बोलले ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. डबा उचलून मी तंबूत आणला. ठरवलं, तिसऱ्या सकाळी काकांसमोर हा त्याच्या पायावर आपटायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पुन्हा डबा घेऊन आली. मशीन मी पांघरुणाखाली लपवून ठेवलं होतं. तिला काही सांगितलं नाही, कारण तिला वाईट वाटलं असतं. ती विहिरीकडे जाऊन हातपाय धुऊन आली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. "भेव नही वाटनं का रातले?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. सपशेल खोटं.

तिसऱ्या रात्री फुलं पडत होती, डुकरं खात होती, आणि अकराच्या सुमाराला डुकरं एकदम थांबली. हुंकार नाही, चघळणं नाही. मग मक्यातून तडातडा मोडत सगळी नाल्याकडे पळाली. मागे जी शांतता उरली ती मला अजून आठवते. आणि त्या शांततेत करवत चालली. खर्र, खर्र. थांबली. खर्र, खर्र. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, आणखी एक मशीन. मी मांडीवरचा डबा चाचपला. तो बंद होता, गार होता.

तो बांधाने आला असावा. आवाज मोहापासून विहिरीकडे सरकला. मग आवाज थांबला, आणि तो कुठे आहे हे कळणंही थांबलं. ते जास्त वाईट. ओरडायचं, टॉर्च मारायचा, मोठं दिसायचं, असं मी मुलांना सांगत आले. मी त्यातलं काही केलं नाही. मी तोंडात पदर कोंबून बसले, कारण मला रडू येत होतं आणि त्याचा आवाज होऊ द्यायचा नव्हता. रस्ता तेवढ्याच अंतरावर होता. मी चेन धरून बसले होते, उघडायची नाही म्हणून धरली होती की उघडायची म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. किती वेळ गेला माहीत नाही. पहाटे मोरांचा आवाज आला तेव्हा माझी मूठ उघडेना, बोटं दुसऱ्या हाताने सोडवावी लागली. विहिरीपाशी ओल्या मातीत पंजे उमटले होते, माझ्या तळहाताएवढे.

सात वाजता भाऊ आला, काकांना मोटारसायकलवर मागे बसवून. त्यांच्या मागून बांधाने आई येत होती, हातात चहाची किटली. कुणी काही बोलायची मी वाट बघितली नाही. मशीन नेऊन भावाच्या पायाशी टाकलं.

"लाज वाटली नाही?" मी म्हणाले.

त्याने मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याला ओळखते. खोटं बोलताना तो कान खाजवतो. त्याने कान खाजवला नाही. "हाई आठे कसं?" तो म्हणाला. "हाई तर बिघडेल व्हतं. माय जोडे, कोठीमा पडेल व्हतं."

आई पोचली होती. तिने किटली खाली ठेवली. "मीच ठेवेल व्हतं," ती म्हणाली.

काका म्हणाले, माय ती माय, पोरीची काळजी वाटली तिला. भाऊ हसायला लागला, सुटल्यासारखा. मी मात्र तिथे उभी राहू शकले नाही. मी आईचा दंड धरला आणि तिला विहिरीच्या पलीकडे घेऊन गेले. इतका घट्ट धरला होता की तिच्या हातावर वळ उठले. ते मी नंतर बघितले.

"का?" मी विचारलं.

"तू भ्याशी, घर येशी, सही करशी. झगडा मिटी जाई." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तू जळगावले चालनी जाशी. माले आठेच रहानं शे, तेना घर. रोज तेना हातनं खानं शे."

मी म्हटलं, जळगावला चल माझ्याकडे. ती म्हणाली, पोरीच्या घरी किती दिवस राहायचं. मी तिला शहाणपणाचं बरंच काही ऐकवलं, कायदा, हक्क, तिचे स्वतःचे तीन एकर. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मना हिस्सावर मी सही करी दिधी. दिवाळीलेच."

मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ एकरांतले सहा केव्हाच एका नावावर गेले होते, आणि मी तीन रात्री ज्या भीतीत काढल्या, त्या सगळ्या उरलेल्या तुकड्यासाठी होत्या. त्या क्षणी मला आईचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता. भावाचाही नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मशीन ठेवायला ती आली कधी. उजेडात आली असती तर मला दिसली असती.

"रातले उनू," ती म्हणाली. "तू जपेल व्हती."

"एकटी? टॉर्च न घेता? बिबट्या आहे इथे."

"शे ना. कायमचा शे." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुना बापले दमा व्हता. गारठामा तेस्ले भाहेर निंघता ये नही. बारा साल रातनं पानी मीच भरं."

मी त्या वर्षांत आधी जळगावला हॉस्टेलवर आणि मग तिथेच नोकरीला होते. सुट्टीत घरी यायचे तेव्हा गाव वडिलांचं कौतुक करायचं, रातभर पाणी भरतो म्हणून. वडील ते ऐकून घ्यायचे. काकांना माहीत होतं, विहीर सामाईक होती. भावाला माहीत होतं, तो घरातच होता. हे सगळं माहीत असलेली माणसं ओट्यावर बसून मला सांगत होती की हे बाईमाणसाचं काम नाही, आणि जिने बारा वर्षं ते काम केलं ती त्यांना चहा देत होती. मी तिला विचारलं, तू तेव्हा बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मरेल मानूसनं नाव कसाले खराब करनं?"

मी सही केली नाही. काकांनी आणि भावाने शब्द पाळला, म्हणजे लोकांत बोलणं झालं होतं म्हणून पाळावा लागला. नाल्याकाठी दगड रोवून तीन एकर वेगळे केले. त्या आखाजीला मला घ्यायला कुणी आलं नाही. साडीचं मला काही नव्हतं, पण त्या दिवशी मी कॉलेजातून येऊन अंधार पडेपर्यंत दिवा लावला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मी माझ्या तुकड्यात मका पेरला. पाणी भरायला रोजाने एक गडी ठेवला, चांगला धट्टाकट्टा. शेजारच्या गावात बिबट्याने वासरू मारल्याची बातमी आली आणि तो रात्रीचा यायचा बंद झाला. भावाने सांगितलं, माझ्या पाळीला तो मोटार चालू करणार नाही. शनिवार-रविवार मी जायचे, बाकीचे पाच दिवस मका माना टाकायचा. मग एकदा मधला आठवडा चुकला, दोन आठवड्यांनी गेले, तर मका हिरवागार. मी गड्याला फोन करून शाबासकी दिली. तो म्हणाला, बाई, मी तर आलोच नाही.

त्याच आठवड्यात पहाटे चारला आईचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

मी तिच्यावर ओरडले. वय काय तुझं, म्हणाले, साप आहे, बिबट्या आहे, पाय घसरून विहिरीत पडलीस तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. तुझ्या लेकाला कळलं तर घरात ठेवेल का तुला. कुणी सांगितलं होतं तुला माझं वावर भिजवायला. तुझं होतं ते सही करून दिलंस ना. नवरा उठून बसला. मी थांबत नव्हते.

तिने सगळं बोलू दिलं. "शेवटली सरी ऱ्हायनी," ती म्हणाली. "घरमा समदा जपेल शेतस, तवलोंग करी लेस." आणि फोन ठेवला.